आधी माझा पाय

पहिल्याच दिवशी वाळुंज मॅडमनी माझ्यादेखत साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि मी घाईघाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. मी नवा फिजिओथेरपिस्ट, नोकरीचा पहिला आठवडा. समोर साठीकडे झुकलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या सोनोग्राफीच्या डॉक्टर. खोलीत एक लहान मुलगा, त्याचे आईवडील आणि डोक्यावर पदर घेतलेली आजी. एवढ्या सगळ्यांसमोर बाईंनी स्टुलावर बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा टाकला, स्वतःच्या पोटरीवर जेलीचा मोठा गोळा थापला आणि त्यावर मशीनचा प्रोब धरला. "आधी माझा पाय, मग तुझा," त्या मुलाला म्हणाल्या. "बघ, मेले का मी? न्हाई ना? मग तू बी मरनार न्हाईस." मुलगा खाटेवर पालथा पडून मान वाकडी करून बघत होता. तो हसला. माझे मात्र कान तापले होते. आमच्या नगरजवळच्या नागापूरच्या घरात बायका पाय धुतानासुद्धा आडोसा बघतात.

ही पद्धत त्यांनी कधी सोडली नाही. दर बुधवारी, प्रत्येक मुलाआधी त्यांचा पाय. साडी खराब व्हायची, जेलीने हात चिकट व्हायचे, मागची रांग खोळंबायची. मी एकदा म्हटलं, मॅडम, सकाळी एकदाच सगळ्या मुलांना एकत्र दाखवलं तर वेळ वाचेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "तुला दाताच्या डॉक्टरने सांगितलं की मघाशी एका माणसाला दुखलं नाही, तर तुझं समाधान होईल का?" एवढंच म्हणाल्या.

आमची संस्था नगरच्या बाहेर, मनमाड रस्त्याला. शहराचं नाव आता बदललंय, एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, पण येणारे आईबाप अजून "नगरला दवाखान्यात चाललोय" असंच सांगून घरून निघतात. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं आमच्याकडे येतात. जन्माच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे ज्यांच्या मेंदूला इजा झाली, अशी मुलं. दोष मेंदूत असतो आणि भोगतात पाय. मेंदूचा निरोप नीट पोचत नाही, पोटरीचा स्नायू सतत ताठ राहतो, हाड वाढत जातं आणि स्नायू मागे पडतो. मग मूल चवड्यांवर चालतं, टाच जमिनीला टेकत नाही, आणि पुढे कित्येकांचं चालणंच थांबतं.

आम्ही फिजिओथेरपीवाले हे पाय हाताने चाचपतो, घोट्याचा कोन मोजतो आणि बाकीचं अंदाजाने ठरवतो. आत स्नायू किती जाड आहे, त्याचे धागे किती लांब आहेत, हे बाहेरून कळत नाही. वाळुंज मॅडम ते आत डोकावून बघायच्या. गर्भ बघायचं तेच मशीन, फक्त प्रोब वेगळा. पडद्यावर निरोगी पोटरी काळसर दिसायची आणि तिच्यात तिरक्या पांढऱ्या रेषा, ऊस उभा चिरल्यावर आत दिसतात तशा. आमच्या मुलांची पोटरी पातळ, फिकट, रेषा आखूड आणि गिचमिड. त्या पडद्यावरच जाडी मोजायच्या, रेषांचा कोन मोजायच्या, आणि काही महिन्यांनी तोच पाय, तीच खाट, तीच जागा धरून पुन्हा मोजायच्या. व्यायामाचा, पायाला बांधायच्या स्प्लिंटचा, इंजेक्शनचा काही उपयोग होतोय की नुसतीच धावपळ चाललीय, ते तेव्हा कळायचं.

त्यांचा हात बघण्यासारखा होता. प्रोब जरा दाबला गेला तर स्नायू चपटा होतो आणि माप खोटं येतं. म्हणून त्या भरपूर जेली लावायच्या आणि प्रोब कातडीला जेमतेम लागेल न लागेल असा धरायच्या. पाय हिसडणाऱ्या, थरथरणाऱ्या मुलाच्या पोटरीवरही त्यांचा हात स्थिर. मुलं त्यांना गारगार आजी म्हणायची, त्या जेलीमुळे. त्यांना ते नाव आवडायचं, पण तोंडावर दाखवायच्या नाहीत.

मॅडम मूळच्या राहुरीकडच्या देवळाली प्रवराच्या. वडील साखर कारखान्यात कामाला, घरी ऊस. शिक्षण पुण्यात, निम्मी नोकरी पुण्यात, लग्न केलं नाही. माझ्याशी आणि इतर डॉक्टरांशी त्या छापील मराठी बोलायच्या, आईबापांशी बोलायला लागल्या की एकदम राहुरी तालुक्यात शिरायच्या. आवडतं वाक्य एकच होतं: "मानूस खोटं बोलतो, पोटरी न्हाई बोलत." रोज व्यायाम करून घेतो म्हणणाऱ्या बापाला त्या पडद्यावर बोट ठेवून ते ऐकवायच्या. बाप खाली मान घालायचा. मला आधी हे कठोर वाटायचं, पण पुढच्या खेपेला त्याच बापाच्या पोराची पोटरी सुधारलेली असायची.

दयामाया हा शब्द त्यांना चालत नव्हता. एकदा एक पाहुण्या बाई मुलांना खाऊ वाटायला आल्या आणि मुलांकडे बघून रडायला लागल्या. मॅडम आतून आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "ताई, व्हरांड्यात बाकडं आहे. तिथे रडून घ्या, मग आत या. इथे मुलांना वाटेल त्यांचं काहीतरी वाईट झालंय." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत आणि संस्थेच्या चालकांनी मॅडमना बोलावून घेतलं. मॅडम परत आल्या त्या गुणगुणतच.

दुसऱ्या एका प्रसंगाने तर मी अक्षरशः गार पडलो. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे हे मशीन नोंदवलेल्या खोलीतून हलवता येत नाही आणि नोंदणी असलेल्या डॉक्टरांशिवाय कोणी हाताळायचं नाही. दारावर तशी पाटी आहे. तरी एक म्हातारी, नातवाच्या पायाची तपासणी झाल्यावर, सुनेला पुढे ढकलून हळूच म्हणाली, "मॅडम, मशीन चालूच हाय तर हिचंबी बघा की. पोरगा हाय का काय तेवढं." सुनेचा चेहरा पांढराफटक. मॅडमनी शांतपणे प्रोब पुसला, दार सताड उघडलं आणि बाहेर बसलेल्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ह्या आजींना तुरुंगाची वाट इचारायची हाय. कोन दाखवील का?" म्हातारी पळाली. सून जाता जाता मागे वळून मॅडमकडे बघत होती, ती नजर मला अजून आठवते.

आता तनुजाविषयी सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मॅडम पुऱ्या होत नाहीत.

तनुजा देवळालीजवळच्या एका वस्तीवरची. आली तेव्हा सहा वर्षांची, दोन्ही पाय ताठ, चवड्यांवर उभी, आईला धरून. बोलायला चुरचुरीत. आई मनीषा तिला कडेवर घेऊन एसटीने यायची. बाप टेम्पो चालवायचा, तो क्वचित. ऑपरेशन करावं लागेल असं तिला दुसरीकडे सांगितलं होतं. मॅडमनी पोटरी मोजली आणि म्हणाल्या, "थांबा. स्नायू अजून हातचा गेलेला न्हाई. ह्याला ओढून लांब करू." स्नायू सैल करणारं इंजेक्शन झालं, प्लास्टर झालं, स्प्लिंट झाले. आणि रोज सकाळ-संध्याकाळ आईने टाच तळहातात धरून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल वर रेटायचं. कसं रेटायचं ते मीच मनीषाला शिकवलं.

तनुजा किंचाळायची. पाऊल एका ठराविक जागेच्या पुढे गेलं की सगळी खोली दणाणून सोडायची. मनीषाचे हात गळायचे. शेवटी एका बुधवारी तिने मॅडमना सांगितलं, "मला न्हाई व्हत. पोरगी म्हनती मागं गुडघ्यापाशी सुतळी आवळल्यावानी हुतंय."

मॅडमनी तनुजाला पालथं झोपवलं. आधी स्वतःचा पाय, मग तिचा. पडद्यावर पोटरी आली. मॅडमच्या सांगण्यावरून मी पाऊल हळूहळू वर रेटलं आणि पडद्यावरच्या रेषा सरकताना सगळ्यांना दिसल्या. तनुजा ओरडली. मॅडमनी मनीषाला जवळ ओढलं. "ही बघ रेघ. ही सरकली. ही बी सरकली. कुठं तुटतंय? कुठं फाटतंय? सुतळी मला तर कुठं दिसंना." मग तनुजाच्या पाठीवर हलकी चापट मारून म्हणाल्या, "लबाडे, नाटकं पुरे. पोटरी काय म्हनती ती मला दिसतीय." आणि मनीषाला, "रडली तरी थांबू नको. आज तू थांबलीस तर जन्मभर हिला कडेवर घ्यावं लागंल."

मनीषाने पदर कमरेला खोचला आणि मान हलवली. पुढच्या खेपेपासून तनुजाचं रडणं थांबलं. मॅडमनी तिला शाबासकी दिली, "आता शानी झाली माझी बाय." मला मात्र एक गोष्ट दिसली. मी पाऊल हातात घ्यायच्या आधी ती पोर फ्रॉकची कड गोळा करून दातांत धरायची. डोळे गच्च मिटायची आणि सोडलं की कड बाहेर काढायची, ओली झालेली. मी मॅडमना ते दाखवलं. त्या बघून म्हणाल्या, "चांगली युक्ती आहे." त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की ह्या पोरीला चालतं करायचं तर हाच रस्ता आहे. आणि खोटं कशाला बोलू, माप सुधारत होतं. वर्षभराने स्प्लिंट घालून, वॉकर धरून, तनुजाची टाच जमिनीला टेकली. मनीषा त्या दिवशी जमिनीवर बसून ती टाच हाताने चाचपून बघत होती.

ह्याच सुमाराला मॅडमच्या हातून प्रोब पडायला लागला. "जेली मेली निसरडी," त्या म्हणायच्या. एकदा पडला, दोनदा पडला. नवी जेली मागवली. तीही निसरडी निघाली.

आणि मग तो बुधवार. तनुजा खाटेवर पालथी, मनीषा डोक्याशी, मी पायाशी. मॅडमनी नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून स्वतःची पोटरी आडवी घेतली, जेली लावली, प्रोब ठेवला. पडद्यावर त्यांचा स्नायू आला. आम्ही कोणी त्याकडे नीट बघत नसू. इतक्या वेळा पाहिलेला तो पाय. पण तनुजा बघत होती. ती म्हणाली, "आजी, तुझ्या पायात कायतरी वळवळतंय."

मी पडद्याकडे पाहिलं. पाय हलत नव्हता, मॅडम हलत नव्हत्या आणि आतला स्नायू जागोजागी फडफडत होता. इथे एक बारीक झटका, क्षणभर शांत, मग तिथे. पाण्याच्या डबक्यात डासांच्या अळ्या हलतात तसं. थकव्याने, जास्त चहा प्यायल्याने पोटरी अशी कधीमधी उडते, हे मला ठाऊक होतं, आणि मी मनात तेच घोकायला लागलो. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, नको तितका वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "चहा लई झाला आज." मग त्यांनी पोटरी पुसली आणि तनुजाची पोटरी मोजली. रांगेतल्या सगळ्या मुलांची मोजली. आणि प्रत्येकाच्या आधी स्वतःचा पाय दाखवला. दर वेळी तो वळवळत होता आणि मी दर वेळी मान फिरवत होतो.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. दार लावून घेतलं. मांडीवर प्रोब ठेवला, वळवळ. डाव्या दंडावर ठेवला, वळवळ. मग प्रोब डाव्या हातात घेऊन उजव्या हाताच्या अंगठ्यामागच्या मऊ जागेवर ठेवला. तिथे स्नायू जवळजवळ उरलाच नव्हता. जेलीचा काही दोष नव्हता. त्यांनी चित्र थांबवलं, माप घेतलं, एखाद्या पेशंटचं घ्यावं तसं, आणि म्हणाल्या, "प्रशांत, हे तुला कळतंय ना काय आहे?" मला कळत होतं. मेंदूपासून आणि मणक्यापासून स्नायूंना निरोप नेणाऱ्या चेताच मरत जातात, असा हा आजार. माणूस हळूहळू सगळाच थांबतो, डोकं तेवढं शाबूत राहतं. औषधाने तो थांबत नाही. मॅडम म्हणाल्या, "पोटरी खोटं बोलत न्हाई रे." पुण्याच्या तपासण्यांनी पुढे तेच सांगितलं.

मला सर्वांत जास्त कशाचा धक्का बसला असेल तर ह्याचा, की त्या पुढच्या बुधवारी हजर होत्या. त्याच्या पुढच्याही. उजवा हात गेल्यावर डाव्याने प्रोब धरायच्या. डावाही थरथरायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच मशीनपासून खुर्ची मागे घेतली आणि चालकांना सांगितलं, दुसरा डॉक्टर बघा, माझं माप आता चुकतंय. आठवड्यातून एकदा येणारे एक तरुण डॉक्टर मिळाले. मॅडमनी त्यांना प्रोब कसा हलका धरायचा ते शिकवलं, जेलीत हात घालून, आपल्या लुळ्या बोटांनी त्यांची बोटं धरून. मग त्या नगरच्या सावेडी भागातल्या आपल्या फ्लॅटवर गेल्या, आणि त्यांची धाकटी बहीण मंदाताई देवळालीहून त्यांच्याकडे राहायला आली.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे व्यायामाला जायचो. ह्या आजारात काही जणांचे पाय लुळे पडतात, काहींचे ताठही होतात. मॅडमचे ताठ झाले. पोटरी आखडली, पाऊल खाली ओढलं गेलं. खाटेवर पडलेले ते पाय पाहिले की मला धस्स व्हायचं, कारण तसे पाय मी दर बुधवारी बघत होतो. फक्त लहान.

एका संध्याकाळी मी त्यांची टाच तळहातात घेतली, गुडघा सरळ धरला आणि पाऊल वर रेटलं. रोजच्यापेक्षा थोडं पुढे. "थांब," त्या म्हणाल्या. तोवर त्यांची जीभ जड झाली होती, पण मला सवयीने समजायचं. मी थांबलो. त्या छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुन्हा कर. तेवढंच." मी केलं. त्यांचा श्वास अडकला. मी पाय सोडला आणि म्हटलं, मॅडम, पेटका आला असेल, ह्या आजारात येतो.

"पेटका मला म्हाईत हाय. हा पेटका न्हाई." एकेक शब्द त्या ओढून काढत होत्या. "गुडघ्यामागे. सुतळी आवळतंय कुणीतरी."

खोलीत मंदाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना ह्या शब्दाचा अर्थ लागला नाही. मला लागला आणि मी माझ्या हातांकडे बघितलं. त्याच हातांनी मी ती पोर वर्षभर रेटली होती.

मॅडम रडल्या-बिडल्या नाहीत. मला म्हणाल्या, आणि हे मी त्यांच्या तुटक बोलण्यातून जोडून सांगतोय: "माझा रोग वेगळा, तिचा वेगळा. मला दुखतं म्हणून तिलाही दुखत होतं, असं सिद्ध होत नाही. पण ती सांगत होती, आणि मी पडदा बघत होते. पडद्यावर दुखणं दिसत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला बुधवारी घेऊन चल."

मी नको म्हणालो. मंदाताई नको म्हणाल्या. अशा अवस्थेत लोकांसमोर जायचं, तोंडातून लाळ गळते, काय बोलतात ते कोणाला समजत नाही. मॅडमनी डोळे मिटले, म्हणजे त्यांच्या बाजूने चर्चा संपली.

मॅडम त्या बुधवारनंतर फार दिवस राहिल्या नाहीत. श्वासाचे स्नायू थकले आणि त्या पहाटे झोपेतच गेल्या. देवळालीला सगळं झालं, मी गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या लेखी मॅडमची गोष्ट तिथे संपत नाही. ती त्या बुधवारी आमच्या खोलीत संपली.

मंदाताईंच्या मुलाने त्यांना गाडीतून आणलं. चाकाच्या खुर्चीत बसवून मी आत नेलं तेव्हा व्हरांड्यातली बोलणी बंद झाली. ज्या बाईंनी त्यातल्या कित्येकांना फैलावर घेतलं होतं, त्या मान एका बाजूला टाकून बसल्या होत्या आणि मंदाताई रुमालाने त्यांचं तोंड पुसत होत्या. ओळखीचे आईबाप मागोमाग आत आले. तनुजा खाटेच्या कडेवर बसली होती. आता आठ वर्षांची. मनीषा पुढे झाली आणि मॅडमच्या पाया पडायला वाकली, तर मॅडम मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. तिला समजलं नाही. "पाया पडू नको म्हणतायत," मी सांगितलं.

मग मॅडम तनुजाकडे बघून बोलायला लागल्या. नुसता घोगरा आवाज, शब्द एकात एक गुंतलेले. तनुजा माझ्याकडे बघायला लागली. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. ते बोलणं मोठ्याने सांगायचं काम माझ्यावर आलं.

"आजी म्हणतायत," मी म्हणालो, "की तू खरं बोलत होतीस. दुखत होतं." माझा आवाज मला परका वाटत होता. मॅडम आणखी बोलल्या. "त्या म्हणतायत, नाटकं तू केली नाहीस. त्यांचं चुकलं. सगळ्यांसमोर तुला लबाड म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगायला आल्यात. आणि मनीषाताई, तुम्हाला सांगतायत, व्यायाम सोडायचा नाही. पण ती थांब म्हणाली की थांबायचं. तिथून पुढे ती म्हणेल तसं."

मनीषा तोंडावर पदर घेऊन उभी होती. मला वाटलं तनुजा आता लाजेल, हसेल, आईच्या मागे लपेल. तिने तसलं काही केलं नाही. ती मॅडमकडे सरळ बघत म्हणाली, "मला म्हाईतच हुतं."

मग ती खाटेवरून खाली उतरली. वॉकर धरून, टाचा टेकवत, खुर्चीपाशी आली. मॅडमचे पाय खुर्चीच्या फळीवर ठेवले होते, पावलं खाली ओढलेली, बोटं वळलेली. तनुजाने त्या पायांकडे बघितलं. आम्ही मोठी माणसं ते टाळत होतो. तिने नीट बघितलं.

"लई दुखतंय का, आजी?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

"मग रड की," तनुजा म्हणाली. "मी न्हाई नाटकं म्हननार."

इतक्या वर्षांत मी मॅडमना रडताना पाहिलं नव्हतं. आजार कळला त्या दिवशीही नाही. आता त्यांचा चेहरा आधी नुसताच हलला, आणि मग त्या मोठमोठ्याने, ओबडधोबड आवाजात रडायला लागल्या, त्यांच्या जिभेला जमेल तसं. मंदाताई रुमाल घेऊन पुढे सरसावल्या. तनुजाने हात आडवा करून त्यांना थांबवलं. खोली माणसांनी भरली होती आणि कोणीही मॅडमना गप्प राहा म्हणालं नाही.